मोहरी कधी पेरावी? तापमान आणि पेरणीची वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन किंवा धान निघाल्यावर रब्बीत मोहरी घ्यायचा विचार करणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्यांकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. देशातली जवळपास निम्मी मोहरी एकटा राजस्थान पिकवतो, त्यामुळे या पिकाची बरीच माहिती आणि व्हिडिओ तिकडचेच असतात. ते जसेच्या तसे आपल्या रानात चालत नाहीत. कुठे चालत नाहीत आणि का, हे खाली जागोजागी येईल.

मोहरी पेरायची नेमकी तारीख कोणती?

नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती पट्ट्यात १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. कोरडवाहू असेल आणि जमिनीत परतीच्या पावसाची ओल असेल, तर या मुदतीच्या सुरुवातीला पेरा, कारण ओल तुमची वाट बघत नाही. ओलिताची सोय असेल तर थोडी सवड मिळते.

पण ही तारीख सरासरी वर्षाची आहे. मोहरीला कॅलेंडर कळत नाही. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान २५-२६ अंशांवर उतरलं की पेरणीची वेळ झाली, हा खरा नियम. एखाद्या वर्षी हा टप्पा १० ऑक्टोबरला येतो, तर ऑक्टोबर हीट लांबली की २५ तारीख उजाडते.

तारखेपेक्षा तापमानाला एवढं महत्त्व का?

कारण मोहरी दिवस मोजत नाही, ऊब मोजते. मजुराच्या भाषेत सांगायचं तर तिचं काम रोजंदारीचं नाही, उक्त्याचं आहे. ठरलेली ऊब जमा झाली की ती फुलावर येते, आणखी ठरलेली जमा झाली की पिकते. मग त्याला किती दिवस लागले याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हिशोब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनाने भागा आणि त्यातून ५ वजा करा. ५ अंशांखाली मोहरीची वाढ जवळपास थांबते, म्हणून ते ५ धरायचेच नाहीत. समजा नोव्हेंबरातल्या एका दिवशी कमाल ३० आणि किमान १६ आहे. सरासरी २३, वजा ५, म्हणजे त्या दिवशी पिकाच्या खात्यात १८ अंश-दिवस पडले. पेरणीपासून पक्व होईपर्यंत मोहरीला ढोबळमानाने १,५०० ते १,९०० अंश-दिवस लागतात. वाणानुसार आकडा मागेपुढे होतो.

आता यातली मेख. ऊब लवकर जमा झाली की पीक लवकर पुढे सरकतं, पण लवकर सरकणं म्हणजे चांगलं पिकणं नव्हे. दाणा भरायच्या काळात रोज १० अंश-दिवस पडत असतील, तर झाडाला अन्न तयार करून शेंगेत उतरवायला भरपूर दिवस मिळतात. रोज २० पडत असतील तर तेच काम निम्म्या दिवसांत उरकावं लागतं. सूर्यप्रकाशाचे दिवसच कमी मिळाले तर दाणा बारीक राहणार, तेल कमी उतरणार. पेरणीची तारीख ठरवताना आपण खरं तर उगवणीचं हवामान निवडत नसतो; दाणा भरायला कोणते दिवस मिळणार, ते ठरवत असतो.

राजस्थानात १३५ दिवसांचा म्हणून सांगितलेला वाण आमच्याकडे १०८ दिवसांत आला. बियाणं भेसळीचं होतं का?

बहुधा नाही. वरचा हिशोब लावून बघा.

पूर्व राजस्थानात, भरतपूर-अलवरकडे, १५ ऑक्टोबरला पेरलेल्या पिकाला ऑक्टोबरच्या उरलेल्या दिवसांत रोज २० च्या आसपास अंश-दिवस मिळतात. नोव्हेंबरात १५, डिसेंबरात ११ आणि जानेवारीत तर जेमतेम १०, कारण तिकडे जानेवारीत दिवसा २२ आणि रात्री ८ अंश असतात. फेब्रुवारीत आकडा पुन्हा १३ वर येतो. अशी बेरीज करत १,८०० पर्यंत जायला फेब्रुवारी संपतो. झाले साडेचार महिने.

नागपुरात ऑक्टोबरात रोज २१, नोव्हेंबरात १८, डिसेंबरात १५-१६ आणि जानेवारीत १६ पडतात. आपली थंडी सौम्य. जानेवारीतही दुपारी २८ अंश असतात. तेच १,८०० अंश-दिवस जानेवारीच्या शेवटी भरतात. म्हणजे साडेतीन महिने. वाण तोच, काम तेवढंच, फक्त आपल्याकडे ते लवकर उरकतं.

पण याची किंमत मोजावी लागते. दाणा भरायला शेवटचे ६०० अंश-दिवस लागतात असं धरलं, तर तिकडे त्यासाठी सुमारे ५० दिवस मिळतात आणि आपल्याकडे ३७-३८. तिकडचं एकरी उत्पन्न ऐकून इथे तेवढीच अपेक्षा ठेवली की निराशा होते, त्यात बियाण्याचा किंवा तुमचा दोष फार थोडा असतो. आपला हिवाळाच आखूड आहे. तो पुरेपूर वापरणं मात्र आपल्या हातात आहे, आणि म्हणून पेरणीच्या वेळेबाबत विदर्भातल्या शेतकऱ्याने राजस्थानातल्या शेतकऱ्यापेक्षाही काटेकोर राहायला हवं.

पेरणीआधी तापमान कसं बघायचं? मोबाईलवर दिसतं तेच धरायचं का?

मोबाईलवरचं हवेचं तापमान बहुतेक वेळा तालुक्याचं किंवा जवळच्या शहराचं असतं. अंदाजाला ते पुरे. हवामान खात्याचं कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, त्यात पुढच्या पाच दिवसांचं कमाल-किमान असतं. ‘मेघदूत’ अॅपवर ते मराठीतही मिळतं. सलग चार-पाच दिवस कमाल-किमानाची सरासरी २६ च्या आत राहिली तर पेरणीला लागा.

शक्य असेल तर मातीचंही बघा. साधा थर्मामीटर वखरलेल्या रानात चार-पाच सेंटिमीटर खोल खोचून सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास वाचायचा. हवा ३२ अंश असताना उघड्या काळ्या मातीचा वरचा थर दुपारी त्याच्या बराच वर तापलेला असतो, आणि मोहरीचं बी अडीच-तीन सेंटिमीटरवर, म्हणजे त्याच तापलेल्या थरात पडतं. हरभऱ्यासारखं ते खोल टाकता येत नाही. एवढ्या बारीक दाण्यात वर यायला तेवढी ताकद नसते.

यंदा सोयाबीन सप्टेंबरअखेर निघालं. रान मोकळं पडलंय, लगेच पेरू का?

थांबा. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली मोहरी उगवते छान, चौथ्या-पाचव्या दिवशी तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, दिसू लागतात, आणि मग दुपारच्या उन्हात मातीलगतचा कोवळा दांडा भाजून रोपं आडवी होतात. दहा दिवसांनी बघितलं तर हातभर हातभर तासं रिकामी. जी रोपं वाचतात त्यांच्यावर रंगीत ढेकूण बसतो. काळ्या अंगावर नारिंगी-पांढरे ठिपके असलेला हा किडा गरम, कोरड्या हवेतच माजतो आणि दोन-चार पानांच्या रोपाचा रस शोषून ते पांढरट करून टाकतो. त्याच्या जोडीला करवती माशीची काळसर अळी असते, ती पानं कुरतडते.

ही संकटं टळली तरी आणखी एक तोटा आहे. गरम हवेत रोज २२-२३ अंश-दिवस पडतात, त्यामुळे झाड पुरतं वाढायच्या आतच फुलावर येतं. बुंधा पेन्सिलीएवढा, फांद्या चार, आणि वर पिवळं फूल. लवकर फूल दिसलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

उत्तर भारतात सप्टेंबरच्या पेरणीसाठी मुद्दाम काढलेले वाण आहेत. दिल्लीच्या पुसा संस्थेचे पुसा मोहरी २५, २७ आणि २८ हे त्यातले. रोपावस्थेतलं ऊन ते सोसतात आणि लवकर निघतात. पण तिकडे त्यांचा उपयोग मोहरी काढून पुन्हा गहू किंवा भाजीपाला घेता यावा म्हणून होतो. तुम्हाला असं तिसरं पीक घ्यायचं नसेल तर घाईचं कारण काय? मधल्या पंधरा दिवसांत रान वखरून ठेवा, ओल दाबून ठेवा.

धान निघायलाच नोव्हेंबरचा मध्य होतो. मग मोहरी घ्यावी की नको?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरमधल्या शेतकऱ्यांचा हा सगळ्यात खरा आणि सगळ्यात अवघड प्रश्न आहे. बांध्या धानाने अडवून ठेवलेल्या, कापणीनंतर माती कडक आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला पुन्हा आठवडा.

१५ नोव्हेंबरला पेरलेल्या मोहरीचं काय होतं ते बघा. गंमत म्हणजे एकूण दिवस तेवढेच लागतात, १०५-१०७. त्यामुळे पीक ठीक चाललंय असं वाटतं. पण दिवसांची वाटणी बदललेली असते. सुरुवातीची वाढ डिसेंबरच्या गारव्यात रेंगाळते आणि झाड बुटकं राहतं. फुलं जानेवारीत आणि दाणा भरायची वेळ थेट फेब्रुवारीत. फेब्रुवारीत नागपूरकडे दुपारी ३२ अंश, महिना सरता सरता ३४. ऑक्टोबरच्या पेरणीला दाणा भरायला ३७-३८ दिवस मिळत होते, ते इथे ३१-३२ वर येतात, आणि त्यातही शेवटचे पंधरा दिवस उन्हाच्या कचाट्यात. भरीला मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे.

राजस्थानात हाच फरक आणखी मोठा दिसतो. तिकडे महिनाभर उशीर केला तर ५० दिवसांचे ३२ होतात. पण त्यांच्याकडे मुळात गाठीला ५० असतात.

आणि हे सगळं सरासरी वर्षाचं झालं. फेब्रुवारी २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला, कमाल तापमानाच्या सरासरीने सगळ्यात गरम फेब्रुवारी ठरला. मार्च २०२२ चंही तसंच झालं होतं. अशा वर्षी उशिराच्या पेरणीतला दाणा अर्धा भरून पिवळा पडतो.

माझं मत विचाराल तर नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला १० नोव्हेंबरपर्यंत बी जमिनीत जाणार नसेल, तर त्या बांधीत मोहरी घेऊ नये. हरभरा, लाखोळी, जवस यांचा विचार करावा. मोहरी घ्यायचीच असेल तर सुरुवात धानापासून करावी लागते: त्या बांधीत खरिपाला लवकर निघणारा धानाचा वाण लावायचा, म्हणजे ऑक्टोबरअखेर रान हाती येतं. मोहरीच्या पेरणीचा निर्णय जूनमध्ये घ्यायचा असतो, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं.

उशीर झालाच आहे, बियाणंही आणून ठेवलंय. आता काय बदल करू?

झाडं बुटकी राहणार हे गृहीत धरून ती जास्त बसवा. एरवी एकरी दीड ते दोन किलो बी आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवत असाल, तर अंतर ३० वर आणा आणि बी पाव-अर्धा किलो वाढवा. बी बारीक असल्याने चाळलेल्या शेणखतात किंवा बारीक रेतीत मिसळून सरत्याने पेरा, नाहीतर एका जागी मूठ पडते. विरळणी मात्र चुकवू नका. पंधरा-वीस दिवसांत दोन रोपांत १० सेंटिमीटर ठेवून बाकीची उपटा. ती भाजीला चालतात.

युरिया वाढवून उशीर भरून काढायचा मोह होतो. तो आवरा. उशिरा दिलेल्या नत्राने झाड लांबेपर्यंत हिरवं, लुसलुशीत राहतं आणि मावा नेमका तिथेच बसतो. नत्र द्यायचं ते पेरताना आणि पहिल्या पाण्याला, बस्स. गंधक मात्र विसरू नका. सिंगल सुपर फॉस्फेट वापरत असाल तर त्यातून मिळतंच. डीएपी वापरत असाल तर जिप्सम वेगळं टाकावं लागतं.

फुलोरा भरगच्च होता, तरी शेंगा कमी का लागल्या?

त्यासाठी झाडाची मधली दांडी हातात घेऊन खालून वर वाचायची. मोहरीचा फुलोरा खालून वर उमलत जातो. सगळ्यात खालची शेंग आधीच्या फुलाची, वरची नंतरच्या. एकेका दिवसात दांडीवर काही फुलं उमलतात आणि पुढे सरकतात. त्यामुळे शेंगा लागलेली दांडी म्हणजे त्या महिन्याची हवामानाची नोंदवही असते.

निरोगी दांडीवर शेंगा एकसारख्या अंतराने चढत गेलेल्या दिसतात. पण मध्येच तीन-चार बोटं जागेत नुसते बारीक देठ उभे असतील, शेंग नसेल, आणि त्याच्या वर पुन्हा शेंगा सुरू झाल्या असतील, तर त्या दिवसांत काहीतरी झालं होतं. फुलोऱ्यात दुपारचं तापमान २९-३० अंशांच्या पुढे सलग जाऊ लागलं की परागकण निकामी व्हायला लागतात. फूल उमलतं, पाकळ्या गळतात, देठ तेवढा राहतो. ढगाळ-पावसाळी हवेत मधमाश्या बाहेर पडल्या नाहीत तरी अशीच खूण उमटते. रिकामी जागा अगदी टोकाला असेल तर बहुतेक उशिराचं ऊन, पाण्याचा ताण किंवा मावा. एका झाडावरून निदान करू नका, रानात चार ठिकाणची दहा झाडं बघा. सगळ्यांवर एकाच उंचीला खंड दिसला तर हवामान. कुठे आहे कुठे नाही असं असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

एक बरं आहे की मोहरी थोडी माफ करते. फुलोऱ्याच्या मध्यात चार दिवस ऊन तापलं आणि पुन्हा गारवा आला, तर ती फांद्यांवर नवी फुलं काढून काही भरपाई करते. शेवटच्या टप्प्यातलं ऊन मात्र भरून निघत नाही, कारण पुढे दिवसच उरलेले नसतात.

कडाक्याची थंडी पडली नाही तर मोहरीला फूलच येत नाही, हे खरं का?

नाही. युरोपातल्या रेपसीड या मोहरीसारख्या हिवाळी तेलबिया पिकाला फुलावर येण्यासाठी काही आठवडे थंडी खावी लागते, त्यावरून हा समज आला असावा. आपली मोहरी तशी नाही. तिला फुलासाठी थंडीची अट नाही. गार हवा हवी ती दाणा सावकाश, नीट भरण्यासाठी.

माव्याचा आणि पेरणीच्या तारखेचा काय संबंध?

फार जवळचा. मावा १० ते २० अंशांच्या गार हवेत, ढगाळ दिवसांत आणि दमट हवेत झपाट्याने वाढतो. मादी नराशिवायच जिवंत पिल्लं देते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही प्रसवायला लागतात, त्यामुळे ढगाळ हवेच्या एका आठवड्यात रानाचं चित्र पालटतं. आपल्याकडे त्याचा जोर डिसेंबरअखेरपासून असतो. ऑक्टोबरात पेरलेली मोहरी तोपर्यंत फुलोरा उरकून शेंगा टणक करायला लागलेली असते. नोव्हेंबरच्या मध्यात पेरलेली त्याच वेळी कोवळ्या कळीवर असते. माव्याला तेच हवं असतं.

बघायचं असेल तर मधल्या दांडीचं वरचं दहा सेंटिमीटरचं टोक बघा. हिरवट-राखाडी किडे तिथे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, हात लावला तर बोटं चिकट होतात. सुरुवातीला बांधाकडच्या थोड्या झाडांवरच असतात. तेव्हा ती टोकं मोडून पिशवीत भरून नष्ट केली तर फवारणी टळू शकते. दहा टक्के झाडांवर मावा दिसू लागला आणि एका टोकावर पंचवीस-तीस किडे मोजता आले, तर फवारणीचा विचार करा. लेबलवर मोहरी आणि मावा असं स्पष्ट छापलेलं औषधच घ्या, आणि फवारणी दुपारी उशिरा करा. सकाळी मोहरीवर मधमाश्या असतात, त्या मेल्या तर शेंगाच धरणार नाहीत. लाल ढालकिडे भरपूर दिसत असतील तर दोन-चार दिवस वाट बघायला हरकत नाही.

धुकं आणि ढगाळ हवेत कोणते रोग येतात?

मुख्यत: दोन. पांढरा तांबेरा १० ते १८ अंश आणि ओलसर हवेत येतो. पानाच्या खालच्या बाजूला चुन्याच्या ठिपक्यांसारखे फोड दिसतात, आणि फुलोऱ्यात शिरला तर दांडी जाड होऊन हरणाच्या शिंगासारखी वेडीवाकडी सुजते, तिला शेंगा लागत नाहीत. दुसरा करपा. तो थोड्या उबदार हवेत, १५ ते २५ अंशांत, पानावर वर्तुळात वर्तुळ असलेले काळपट डाग पाडतो आणि पुढे शेंगांवर जातो. दोन्ही रोग उशिराच्या पेरणीत जास्त छळतात. पांढऱ्या तांबेऱ्यासाठी बियाण्याला किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक चोळणं हा स्वस्त उपाय आहे. पेरून झाल्यावर तो करता येत नाही.

आपल्याकडे दंवाने मोहरी जाते का?

क्वचित. हे राजस्थान-हरियाणाचं दुखणं आहे. तिकडे डिसेंबरअखेर-जानेवारीत शेंगेतला दुधाळ दाणा गोठून शेंग पोकळ राहते. पण ‘आपल्याकडे होतच नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि शहराबाहेरच्या खोलगट रानात रात्री त्याहूनही थंडी साचते.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळपासून गारठा वाढत चाललेला, अशी रात्र दिसली तर त्या दिवशी हलकं पाणी द्या. ओली माती ऊब धरून ठेवते. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर पहाटे काडीकचरा जाळून धूर करायची जुनी पद्धतही अजून चालते. राजस्थानात यासाठी थायोयुरिया नावाचं रसायन फवारतात, दहा लिटर पाण्यात ५ ग्रॅम.

पाणी कधी द्यायचं? पाण्याने उष्णतेचा त्रास कमी होतो का?

दोनच पाणी असतील तर पहिलं फुलोरा सुरू व्हायच्या थोडं आधी, म्हणजे ३०-४० दिवसांनी, आणि दुसरं शेंगा भरताना, ६५-७० दिवसांनी. एकच असेल तर ते पहिलं. उगवणीनंतर लगेच पाणी देऊ नका, मुळं वरच राहतात.

उन्हाचा त्रास काही अंशी कमी होतो. झाडाला पाणी मिळत असेल तर ते पानांतून बाष्प सोडून स्वत:ला गार ठेवतं. जानेवारीअखेर ऊन अचानक वाढलं तर हलकं पाणी दिल्याने दाण्याला चार-पाच दिवस जास्त मिळतात. भारी काळ्या रानात मात्र पाणी तुंबू देऊ नका, आणि वारा सुटलेल्या दिवशी देऊ नका. शेंगांच्या भाराने झाडं लोळतात.

उशिरा पेरलेल्या मोहरीत तेल कमी उतरतं का?

हो. मोहरीत साधारण ३८ ते ४२ टक्के तेल असतं, आणि ते दाण्यात सगळ्यात शेवटच्या काही आठवड्यांत साठतं. आधी दाण्याचं टरफल आणि बांधणी, मग तेल. शेवटचे दिवस उन्हाने खाल्ले की कात्री तेलावर चालते. घाणीवाला दाणा चिमटीत चुरडून बघतो आणि भाव पाडतो, ते उगीच नाही.

गव्हात ओळी टाकून मोहरी घेतली तर चालेल?

घरच्या फोडणीपुरती हवी असेल तर खुशाल. पण उत्पन्नाच्या दृष्टीने या जोडीत एक अडचण आहे. गहू पेरायचा नोव्हेंबरात, मोहरी ऑक्टोबरात. त्यामुळे गव्हाबरोबर पेरलेली मोहरी जन्मत:च उशिराची. वर गव्हाची पाण्याची वेळ वेगळी. हरभऱ्याची पेरणी मोहरीच्या जवळपास असते, म्हणून हरभऱ्याच्या चार ओळींना मोहरीची एक ही जोडी जास्त जमते.

वाण कोणता घ्यावा?

आपल्या भागासाठी शिफारस झालेला. विदर्भासाठी शताब्दी म्हणजे एसीएन-९, आणि भाभा अणुसंशोधन केंद्र व अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेला टीएएम १०८-१ हे आहेत. पुसा बोल्डही बरेच जण लावतात. दाणा टपोरा, पण शेवटी ऊन लागलं तर त्या टपोरेपणाचाच आधी बळी जातो. भरतपूरच्या राई-मोहरी संशोधन संस्थेचे एनआरसीएचबी १०१, राधिका, बृजराज आणि पुसाचा पुसा मोहरी २६ हे उत्तरेतल्या उशिराच्या पेरणीसाठीचे वाण आहेत. बियाणं मागवताना १२५-१४० दिवसांचा, वेळेवर पेरणीचा उत्तरेतला वाण नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यावर भाळून घेऊ नका. नागपूरला कृषी महाविद्यालयात जवस व मोहरीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आहे, तिथे विचारलेलं बरं.

काढणीच्या वेळी ऊन वाढलेलं असतं. शेंगा फुटू नयेत म्हणून काय करावं?

सगळ्या शेंगा वाळायची वाट बघू नका. पाऊण भाग शेंगा पिवळसर झाल्या आणि मधल्या दांडीवरच्या शेंगेतला दाणा नखाने दाबून टणक लागला की कापा. पहाटे, दहिवर असताना. नऊ वाजल्यानंतर विळा लावला की शेंगा तडतडायला लागतात, आणि सांडलेली मोहरी मातीतून वेचता येत नाही. पेंढ्या खळ्यावर चार-पाच दिवस वाळवून मग मळणी. पोत्यात भरताना दाण्यात ओल ८ टक्क्यांच्या आत असावी.

घरी कुंडीत मोहरी लावली तर तीही ऑक्टोबरातच लावायची का?

पाल्यासाठी असेल तर केव्हाही चालते, फक्त उन्हाळ्यात पानं तिखट, चरबट होतात आणि तीन-चार आठवड्यांतच फुलाचा दांडा वर येतो. डब्यातली मोहरी भाजलेली नसेल आणि फार जुनी नसेल तर तीच उगवते. दाण्यासाठी लावायची असेल तर मात्र ऑक्टोबरचा शेवट, आणि कुंडी सकाळचं ऊन मिळेल अशा बाजूला ठेवा. पश्चिमेच्या भिंतीलगत फुलं गळतात.